एकाच डिस्कचे दोन धनी

वल्लरीचं हसणं मोकळं होतं, हीच रोहिणीची अडचण होती. ते कुत्सित असतं, वरवरचं असतं, तर मनातल्या मनात चार शिव्या घालून तिला गप्प बसता आलं असतं. पण वल्लरी हसायची ती समोरच्याला बरोबर घेऊन. वॉचमन हसायचा, काउंटरवरची प्रगती हसायची, आणि कधी नव्हे ते डॉक्टर मालतीबाईसुद्धा चष्मा काढून डोळे पुसायच्या. बारामतीत भिगवण रस्त्यावरच्या या निदान केंद्राच्या त्या मालकीणबाई. त्यांच्याकडे रोहिणीनं इतकी वर्षं काढली, पण तिच्या एखाद्या बोलण्यावर बाईंनी चष्मा काढावा असं कधी झालं नव्हतं.

रोहिणी मूळची इंदापूर तालुक्यातल्या कळंबची. वडील तात्याबा तरुणपणी मेंढरांमागं फिरलेले. पुढं कळप मोडून त्यांनी जमिनीत जीव घातला, डाळिंब लावलं आणि थोरल्या लेकीला शिकायला बारामतीला ठेवलं. संगणकाच्या डिप्लोमाला ती वर्गात पहिली आली. वल्लरी त्याच वर्गात होती. बारामतीतल्याच एका वकिलांची मुलगी, बोलण्यात चटपटीत, अभ्यासात बेताची. दोघी एका बाकावर बसायच्या, एका डब्यात जेवायच्या. रोहिणीच्या आईच्या, साखरबाईंच्या हातची शेंगदाण्याची चटणी वल्लरीनं इतकी खाल्ली होती की कळंबहून डबा येताना चटणी दुप्पट यायची. परीक्षेत आपण कितव्या आलो होतो हे वल्लरीला आता आठवतही नसे. रोहिणीला आठवत होतं. वल्लरी सातवी.

पुढं वल्लरी पुण्याला पदवी घ्यायला गेली आणि तिथून बंगळूरला. रोहिणीचं लग्न झालं. नवरा गोकुळ ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये मेकॅनिक, स्वभावानं शांत, बायकोच्या नोकरीचा अभिमान असलेला. तिला या केंद्रात काम मिळालं तेव्हा इथं एक संगणक आणि एक प्रिंटर होता. जिन्याखालच्या अडगळीच्या खोलीतलं भंगार काढून, भिंतींना रंग देऊन, गोकुळकडून यंत्रं ठेवायला लोखंडी घोडा बनवून घेऊन तिनं तिथं सर्व्हरची खोली उभी केली. कुठली वायर कुठून निघते आणि कुठं जाते हे तिला डोळे मिटून सांगता यायचं. इंदापूरची शाखा निघाली तेव्हा तिथंही तीच धावली. केंद्र वाढत गेलं तसा तिचा समज होत गेला, की उद्या दोन्ही ठिकाणचं काम बघायला कुणी मोठं माणूस नेमायचं झालं तर ते माणूस आपणच असणार.

गेल्या दिवाळीनंतर ते माणूस आलं. वल्लरीच्या वडिलांची तब्येत बिघडली म्हणून ती बंगळूर सोडून गावी परतली होती. मालतीबाईंनी तिला बोलावून घेतलं आणि दोन्ही शाखांचं काम तिच्या हाती दिलं.

"तुमची तर जुनी ओळख आहे ना?" बाई रोहिणीला म्हणाल्या. "बरं झालं. तुलाही आधार."

रोहिणी "हो मॅडम" म्हणाली आणि जिन्याखाली जाऊन बराच वेळ पंख्याकडे बघत बसली.

वल्लरी तिला पूर्वीसारखीच "रोहे" म्हणून हाक मारायची. रोहिणी तिला सगळ्यांदेखत "वल्लरी मॅडम" म्हणायची. पहिल्यांदा म्हणाली तेव्हा वल्लरीला ती चेष्टा वाटली. दुसऱ्यांदा तिचा चेहरा जरासा पडला. तिसऱ्यांदा तिनं ते ऐकून घेतलं. तो पडलेला चेहरा बघून रोहिणीला जे सुख झालं, त्याची तिची तिलाच लाज वाटली. पण सुख झालं ते झालंच.

केंद्रातला जुना सर्व्हर थकला होता. अशा एका सर्व्हरच्या पोटात चार-पाच वेगवेगळी मशीन चालतात. खरी नव्हेत, सॉफ्टवेअरनं उभी केलेली. या दोघी त्यांना व्हीएम म्हणत. त्यातलं सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे फोटोंचं मशीन. बारामतीत किंवा इंदापुरात कुणाचाही एक्स-रे, सोनोग्राफी, सीटी स्कॅन झाला, की चित्र तिथं येऊन पडायचं. चित्रं साठवायची डिस्क सर्व्हरच्या बाहेर, वेगळ्या पेटीत होती आणि त्या पेटीपर्यंत दोन्ही सर्व्हरना, जुन्याला आणि नव्याला, वाट होती. कुठली डिस्क कुठल्या सर्व्हरच्या ताब्यात आहे याची नोंद तिसऱ्याच ठिकाणी असायची. ती नोंद बघूनच डिस्क कुणाला द्यायची ते ठरायचं.

जानेवारीतल्या एका रविवारी वल्लरीनं फोटोंचं मशीन जुन्या सर्व्हरवरून नव्यावर हलवलं, तेही चालू असताना. मशीन बंद नाही, काम बंद नाही. मालतीबाई खुर्ची ओढून बघत बसल्या होत्या आणि सोनोग्राफीच्या खोलीतला संदेश दारात उभा होता. रोहिणीकडे काम होतं ते नेटवर्कच्या वायरी हलवायचं आणि मध्ये एकदा चहा सांगायचं. हलवणं शेवटाला आलं असताना एक वायर ढिली पडली, क्षणभर जोडणी तुटली आणि पुन्हा लागली. मशीन नव्या सर्व्हरवर व्यवस्थित चालू झालं, पण पडद्यावर खाली एक पिवळी ओळ राहिली.

"ही ओळ कसली?" रोहिणीनं विचारलं.

"काही नोंदी जुळल्या नसतील," वल्लरी म्हणाली. "उद्या सकाळी सगळ्याच नोंदी ताडून बघू. आत्ता चालतंय ते हलवायला नको."

सोमवारी सकाळी इंदापूरच्या शाखेत नेटवर्क बंद पडलं आणि वल्लरीला तिकडं जावं लागलं. नोंदी ताडायच्या राहिल्या. रोहिणीला ते ताडता आलं असतं, सकाळभर ती मोकळीच होती. पण रविवारी सगळं झाल्यावर बाईंनी पेढे मागवले होते आणि पहिला पेढा वल्लरीच्या हातावर ठेवला होता. तो पेढा रोहिणीच्या डोळ्यांसमोरून हलेना. तिचं काम आहे, ती बघेल, असं म्हणून तिनं प्रिंटरचा रोल बदलला.

गुरुवारी यूपीएसच्या बॅटऱ्या बदलायला माणूस आला. त्यानं एक खटका चुकीचा ओढला आणि जिन्याखालची खोली एकाएकी गप्प झाली. पंख्यांची ती कायमची घरघर थांबली की रोहिणीला आपलंच काळीज थांबल्यासारखं वाटायचं. वीज लगेच आली, दोन्ही सर्व्हर उठले, एकेक मशीन उठू लागलं. फोटोंचं मशीन मात्र उठेना. पडद्यावर सरळ शब्दांत लिहिलं होतं, की मागितलेली डिस्क नव्या सर्व्हरला देता येत नाही. नोंदीप्रमाणे ती जुन्या सर्व्हरकडे आहे.

रोहिणीला सगळं तिथल्या तिथं कळलं. रविवारी मशीन इकडं आलं, पण नोंद तिकडंच राहिली. मशीन बंद पडलं नाही तोवर कुणी विचारलं नाही. आज विचारलं गेलं. भीती वाटायच्या आधी तिच्या मनात एक गोड, गरम असं काहीतरी उसळलं. चुकली. वल्लरी चुकली.

बाहेर बाकांवर माणसं खोळंबली होती. मालतीबाई खोलीच्या दारात आल्या आणि त्यांनीच वल्लरीला फोन लावून स्पीकरवर टाकला. वल्लरी इंदापूरलाच होती.

"मी निघते लगेच," तिचा आवाज आला. "रोहे, जुन्या सर्व्हरवर काय काय उठलंय ते आधी बघ. आणि मी येईपर्यंत कशाला हात लावू नकोस."

तिच्या बोलण्यात दोन गोष्टी होत्या. रोहिणीनं एकच ऐकली. हात लावू नकोस. ज्या खोलीला तिनं स्वतःच्या हातानं रंग दिला, त्या खोलीत, बाईंच्यादेखत, हात लावू नकोस.

"किती वेळ लागेल तिला?" बाईंनी विचारलं.

"उसाच्या ट्रॉल्यांचे दिवस आहेत मॅडम. दुपार होईल," रोहिणी म्हणाली. "मला येतं हे. मी करते."

बाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग बाहेरच्या बाकांकडे पाहिलं. "खात्री आहे?"

"आहे."

अशी नोंद जबरदस्तीनं बदलता येते. बदलण्यापूर्वी सॉफ्टवेअर एक प्रश्न विचारतं, की ही डिस्क आणखी कुणी वापरत नाही ना? रोहिणीनं 'नाही' असं उत्तर देऊन पुढं जायचं बटण दाबलं. तिला ते ठाऊक नव्हतं. पण वल्लरीची गाडी तोवर वाटेवरच्या निमगाव केतकीच्या पुढं आली असेल, एवढं ठाऊक होतं. जुन्या सर्व्हरचं नाव नोंदीतून गेलं, नव्याचं आलं. डिस्क जोडली गेली. मशीन उठलं. पडद्यावर चित्रांची यादी वरून खाली भरत गेली, आणि दारात उभ्या असलेल्या संदेशनं "आलं की" म्हणून टाळी वाजवली.

मालतीबाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "शाब्बास. मी उगाच घाबरले. वल्लरीला सांग, आता नाही आलीस तरी चालेल."

रोहिणी हो म्हणाली, पण तिनं फोन केला नाही. येऊ दे, तिला वाटलं. इतक्या लांबून धडपडत येऊ दे आणि सगळं चालू आहे हे स्वतःच्या डोळ्यांनी बघू दे. तेव्हा मी प्रिंटरचा रोल बदलत असेन आणि मान वर न करता म्हणेन, झालं मगाशीच.

अर्धी सकाळ तिनं अशी तरंगत काढली. प्रगतीनं तिच्यासाठी कॉफी आणली. सांगवीहून आलेली फुलाबाई नावाची एक म्हातारी, मुतखड्याची सोनोग्राफी करून, पदरानं तोंड पुसत बाहेर आली आणि काउंटरशी उभ्या असलेल्या रोहिणीला म्हणाली, "झालं बया एकदाचं. पानी पिऊन पिऊन जीव ग्येला. उद्या आपरीशन हाय." रोहिणीनं तिला हात धरून दारापर्यंत सोडलं. त्या दिवशी तिला सगळ्यांवरच माया येत होती.

मग संदेश आला. "मॅडम, मगाशी पाठवलेली सोनोग्राफी डॉक्टरांना दिसत नाही म्हणतात."

रोहिणीनं पाहिलं, तर दिसत होती. पुन्हा पाहिलं, तर नव्हती. तेवढ्यात एक्स-रेच्या खोलीतून निरोप आला, की एका माणसाच्या गुडघ्याचा फोटो अर्धाच उघडतोय आणि खालच्या अर्ध्यात नुसत्या राखाडी पट्ट्या आहेत. मशीन चालू आहे आणि चित्रं येऊन नाहीशी होतायत. ती जातायत कुठं? तेव्हा तिला वल्लरीच्या बोलण्यातली पहिली गोष्ट आठवली. जुन्या सर्व्हरवर काय काय उठलंय ते आधी बघ.

तिनं बघितलं. जुन्या सर्व्हरवर फोटोंचं मशीन चालू होतं.

रविवारी तिकडून ते हललं तरी त्याचा सांगाडा तिथं राहिला होता. वीज जाऊन आली तसा तो सर्व्हर उठला, नोंदीत डिस्क आपल्याच नावावर आहे असं त्याला दिसलं, आणि कुणी न सांगताच त्यानं मशीन उठवून डिस्क जोडून घेतली. त्यानंतर रोहिणीनं तीच डिस्क नव्या मशीनला दिली. आता एकाच नावाची दोन मशीन, एकमेकांचा पत्ता नसताना, एकाच डिस्कवर लिहीत होती. एक लिहायचं त्यावर दुसरं लिहायचं. सकाळपासून. तिनं 'नाही' म्हणून बटण दाबल्यापासून.

खोलीत ती एकटी होती. आता आधी काय करायला हवं हे तिला माहीत होतं, आणि आणखी काय करता येईल हेही तिच्या डोक्यात आलं. जुन्यावरचं मशीन गुपचूप बंद करायचं आणि कुणाला काही बोलायचं नाही. फाटलेली चित्रं आज ना उद्या सापडतील, तेव्हा सगळे रविवारकडे बोट दाखवतील. पिवळी ओळ तर सगळ्यांनी पाहिलेली होती. वल्लरीनं ती सोडून दिली, हेही सगळ्यांनी ऐकलं होतं. खोटं बोलायचीही गरज नव्हती, नुसतं गप्प राहायचं होतं.

तिनं हे नीट, सावकाश मनात घोळवलं. मालतीबाईंचा चेहरा, वल्लरीचा चेहरा. ते चित्र फार सुरेख होतं. पण त्या चित्रात राखाडी पट्ट्यांचा तो गुडघाही येऊन बसला होता, आणि बाहेर कुणीतरी डॉक्टर त्या डिस्कवरून वाचून उद्या कुणाला तरी कापणार होते.

तिनं दोन्ही मशीन बंद केली आणि बाईंच्या खोलीत गेली. "मॅडम, फोटोंचं मशीन मी बंद केलंय. मगाशी मी केलं ते चुकलं. मी न बघता डिस्क दोघांना दिली. सकाळपासूनची काही चित्रं खराब झालीत, आधीचीही झाली असतील. वल्लरीला येऊ दे. तोवर कुणाचाही आजचा रिपोर्ट देऊ नका."

बाईंनी चष्मा काढला. हसण्यासाठी नव्हे. "तू म्हणाली होतीस खात्री आहे."

"नव्हती," रोहिणी म्हणाली.

मग तिनं वल्लरीला फोन लावला. गाडी वाटेत सणसरला उसाच्या ट्रॉल्यांमागं अडकली होती. काय झालं ते रोहिणीनं जसं घडलं तसं सांगितलं.

"दोन्ही बंद केलीस ना?" वल्लरीनं विचारलं. "मग आता त्याहून वाईट होत नाही. तासाभरात पोचते."

वल्लरी आली, पर्स टेबलावर टाकली आणि पाणी प्याली. रोहिणी तिच्या ओरडण्याची वाट बघत होती. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. निदान तिचा राग करायला काही मिळालं असतं. वल्लरीनं खुर्ची शेजारी ओढली. "पहिल्यापासून सांग. काय पाहिलंस, काय दाबलंस. क्रम चुकवू नकोस."

रोहिणी सांगत गेली. मग वल्लरीनं लगेच काही दाबलं नाही, आणि हे रोहिणीला नवीन होतं. आधी तिनं त्या डिस्कची जशी होती तशी गोठवलेली प्रत काढली, मूळ डिस्कला कुलूप घातलं आणि सगळी दुरुस्ती त्या प्रतीवर करायची ठरवली. मग तीन ठिकाणं उघडली. नोंद काय म्हणते, सर्व्हर काय म्हणतात आणि डिस्क स्वतः काय म्हणते, आपल्यावर शेवटचा हात कुणाचा.

"नोंदीवर विश्वास ठेवायचा नाही," ती म्हणाली. "सर्व्हरवरही नाही. तिघांचं जुळलं तरच."

"सातबाऱ्यावर नाव एकाचं आणि वहिवाट दुसऱ्याची," रोहिणीच्या तोंडून निघून गेलं. कळंबला बांधाच्या भांडणात तिनं हे लहानपणापासून ऐकलं होतं.

"अगदी तसंच," वल्लरी म्हणाली. "आणि तलाठी कधीचा फिरकलाच नाही."

दोघी कामाला लागल्या. वल्लरी संगणकाला द्यायची आज्ञा लिहायची, पण चालवण्याआधी मोठ्यानं वाचायची आणि रोहिणीकडे बघायची. एकदा रोहिणीनं तिला थांबवलं, कारण डिस्कचं नाव एका आकड्यानं चुकलं होतं. वल्लरीनं ते खोडून दुरुस्त केलं आणि पुढं गेली. लाजणं नाही, सारवासारव नाही. रोहिणी तिच्या हातांकडे बघत राहिली. इतक्या वर्षांत तिला वाटत आलं होतं, की वल्लरीचं सगळं नशिबानं आणि गोड बोलण्यानं चालतं. आता शेजारी बसून दिसत होतं, की हिला खरंच येतं. वर्गात पहिल्या आलेल्या रोहिणीला येत नव्हतं ते. कुठं घाबरायचं हे तिला येत होतं. आणि हे कळलं तसं पोटातलं दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढलं. नशीबवान माणसाचा हेवा करणं सोपं असतं, त्यात स्वतःकडे कमीपणा येत नाही.

प्रत दुरुस्त झाली. आदल्या रात्रीपर्यंतच्या बॅकअपशी ताडली, तेव्हा जुनी चित्रं शाबूत निघाली. जुन्या सर्व्हरवरचा तो सांगाडा काढून टाकला, डिस्कची नोंद नव्याच्या नावानं एकदाच आणि नीट केली. मग वल्लरी म्हणाली, "बाकीच्याही बघू." बाकीच्यांत आणखी दोन नोंदी तशाच बेवारस सापडल्या. पुढच्या वेळी वीज गेली असती तेव्हा त्याही फुटल्या असत्या.

तेवढ्यात मालतीबाई दारात आल्या. रोहिणी उठून उभी राहिली. वल्लरी बसूनच बोलली. "मॅडम, मूळ चूक माझी आहे. रविवारी इशारा आला होता, मी तो सोडून दिला. तो त्याच दिवशी निस्तरला असता तर आज रोहिणीवर ही वेळच आली नसती."

असं म्हणायची तिला काही गरज नव्हती. रोहिणीला भरून यायला हवं होतं. तिच्या मनात आलं ते एवढंच, की हेसुद्धा हिला माझ्यापेक्षा चांगलं जमतं. मी कबूल केलं आणि लहान झाले. ही कबूल करते आणि मोठी होते.

सकाळची चित्रं एक्स-रेच्या आणि सीटीच्या यंत्रांनी आपापल्याजवळ ठेवली होती. ती पुन्हा मागवून घेतली. सोनोग्राफीच्या यंत्राची जागा थोडी. चित्र पोचल्याची हिरवी खूण आली की संदेश ते यंत्रातून पुसून टाकायचा. त्यानं नेहमीसारखंच केलं होतं. बाकीच्यांची चित्रं तुकड्यांतून सावरली, एकीची नाही. फुलाबाईची. तिचं ऑपरेशन उद्या होतं आणि डॉक्टर चित्राशिवाय हात घालणार नव्हते.

"गाडी पाठवू?" वल्लरीनं विचारलं.

"मी जाते," रोहिणी म्हणाली.

सांगवीत फुलाबाई ओसरीवर वाटाणे सोलत बसली होती. रोहिणीला बघून तिनं आधी ओळखलंच नाही. रोहिणीनं सांगितलं, की फोटो खराब झाला, पुन्हा काढायला लागंल, माझ्याबरोबर चला, मीच आणून सोडते.

"म्हंजी परत पानी प्यायचं?"

"व्हय, आजी."

"कुनी खराब क्येला?"

"मी."

म्हातारीनं तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "काय चोरून न्हाय ना त्यात? खडा मोठा हाय म्हनून गोड बोलून नेताय, आसं न्हाय ना?"

"न्हाय आजी, तुमचा खडा हाय तेवढाच हाय. माझ्याच हातनं पुसला गेला."

"मग ठीक हाय," म्हणून फुलाबाई उठली, वाटाण्यांची सुपली सुनेकडे दिली आणि तांब्याभर पाणी तिथंच उभ्यानं प्याली. रस्त्यानं ती सुनेच्या, तिच्या माहेरच्या, आणि शेजारणीच्या नव्या फ्रिजच्या गोष्टी सांगत राहिली. शेजारणीनं तो फ्रिज मुद्दाम ओसरीवर, सगळ्यांना दिसेल असा ठेवलाय, हे सांगताना तिचा आवाज असा काही कडवट झाला, की गाडी चालवता चालवता रोहिणीला त्या दिवशी पहिल्यांदा हसू आलं.

सोनोग्राफी झाली. या खेपेला चित्र पोचलेलं रोहिणीनं स्वतः उघडून बघितलं, मगच संदेशला पुसू दिलं. दुसऱ्या दिवशी ऑपरेशनही पार पडलं.

मालतीबाई रोहिणीशी आठवडाभर कामापुरतंच बोलल्या. मग एका सकाळच्या बैठकीत त्यांनी उरलेली मशीनही नव्या सर्व्हरवर न्यायचं ठरवलं, आणि वल्लरी म्हणाली, "ती रोहिणी हलवेल. मी बाजूला बसेन." बाईंनी ते मान्य केलं. बैठक संपल्यावर रोहिणी तिला जिन्यापाशी गाठून म्हणाली, "उपकार करू नकोस माझ्यावर."

"उपकार कसले?" वल्लरी म्हणाली. "मी कायम इथं नसणार. बाबांचं बघून कधीतरी मला परत जायचंय. तेव्हा हे कुणाला यायला नको?"

"मग नीट शिकव. बाकावर बसून शिकवायचीस तसं नको, अर्धं सांगून पळायचीस."

"तू मला शिकवायचीस, रोहे. मी नाही."

ते खरं होतं. रोहिणी विसरून गेली होती.

तिनं मशीन हलवली, एका वेळी एक. प्रत्येक वेळी तिन्ही ठिकाणं ताडली. वल्लरी मागं बसून गप्प राहायची, आणि ते गप्प राहणंसुद्धा रोहिणीला टोचायचं. पण काम होत गेलं.

पुढच्या रविवारी ती कळंबला गेली. तात्याबा डाळिंबाच्या झाडांना आळी करत होते. साखरबाईंनी भाकरी टाकता टाकता विचारलं, "ती वकिलाची पोरगी आली म्हनं परत. तुझ्या वरची सायेब झाली म्हनं. वागती कशी?"

"चांगली वागती."

"मग तुजं त्वांड का आसं?"

रोहिणी चुलीपाशी बसली. आईपाशी तिला शब्द शोधावे लागत नसत. "चांगली वागती म्हनूनच. वाईट वागली आसती तर मला सोप्पं ग्येलं आसतं. तिला माझ्यापरास जास्त येतं, आई. आन ती मला शिकवतीय."

"आन तू?"

"मी शिकतीय."

तात्याबा हात धुऊन आत आले होते. त्यांनी शेवटचं तेवढंच ऐकलं. "पोटात दुखतंय का?" त्यांनी विचारलं.

"दुखतंय."

"मग शिकशील," ते म्हणाले, आणि ताट पुढं ओढून त्यांनी चटणी मागितली.

साखरबाईंनी वाटी पुढं सरकवली. मग उठून फडताळातली बरणी काढली आणि एका डब्यात चटणी भरू लागल्या, पूर्वीसारखीच दुप्पट. कुणासाठी, हे त्यांनी सांगितलं नाही. संध्याकाळी निघताना तो डबा रोहिणीनं आपल्या हातानं पिशवीत ठेवला.